पाणवेल : नवं मेलेलं ढोर

मी पाणवेल ओढलीय. एक दिवस नाही, अकरा दिवस. कमरेइतक्या काळ्या पाण्यात उभं राहून, उघड्या हातांनी. ज्यांनी ती कधी ओढली नाही त्यांनी तिच्यावर पुष्कळ लिहिलंय, पुष्कळ भाषणं ठोकलीत. आता ज्यानं ओढली त्याचं ऐका.

जागा सांगतो, नाव सांगत नाही. शिर्डीहून सायकल मारत जाता येईल एवढ्या अंतरावरचा एक नाला. वरच्या अंगाला लॉजिंग, हॉटेलं, गॅरेजं, बॅटऱ्या फोडणारे, गाड्या धुणारे. खालच्या अंगाला आमची वस्ती. पाणी वरून खाली वाहतं हा निसर्गाचा नियम. पण खाली कोणी राहायचं, हा मनूचा नियम.

एके दिवशी नाल्यावर बोर्ड लागला. निसर्गाच्या मदतीनं जलशुद्धीकरण. एक सर आले. माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू. त्यांनी आम्हालाही खुर्च्या दिल्या आणि समजावून सांगितलं, की काही पाणवनस्पती पाण्यातलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम मुळांनी ओढून घेतात. यंत्र नको, वीज नको, रसायन नको. नारळ फुटला. हार झाले. फोटो झाले. चार महिन्यांत नाला हिरवागार झाला, वर जांभळी फुलं. लोक फुलांपुढं उभं राहून सेल्फी काढायला लागले.

मग वेली भरल्या. काढायची वेळ आली. तेव्हा सर नव्हते. बोर्ड होता. आणि मुकादम होता. मुकादम सरळ आमच्या वस्तीत आला. वरच्या आळीत गेला नाही, मधल्या आळीत थांबला नाही. कुठं जायचं हे त्याला कोणी सांगितलंही नसेल. त्याच्या पायांना वाट पाठ होती.

"ए पोरांनो, चला, पाणवेल ओढायचीय. रोख मिळंल."

ओढायचीय. हा शब्द माझ्या कानात खिळ्यासारखा बसला. माझा पणजा येसकर होता. गावात ढोर मेलं की त्याला हाक यायची. ढोर पाटलाचं, दूध पाटलाचं, शेण पाटलाच्या शेताचं. फक्त मेल्यावर ते आमचं. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेल्या ढोराचं मांस खाऊ नका, ही घाण सोडा. माझ्या आज्यानं ढोर ओढणं सोडलं, त्यापायी गावाचा बहिष्कार खाल्ला. महार वतनं रद्द करायचा कायदा 1958 साली झाला. आणि आज, कायद्यानं सगळं संपलेलं असताना, माझ्या आज्याचा शिकलेला नातू नाल्यात उतरून ओढतोय. ढोर नाही, पाणवेल. विष त्यांचं, फुलं त्यांची, फोटो त्यांचे. विषानं भरून मेलेली वेल तेवढी आमची.

दोस्तांनो, इथं कोणी म्हणेल, हा विज्ञानाच्या विरोधात बोलतोय. साफ चूक. विज्ञानाला शिव्या देणं हा बुवा-महाराजांचा धंदा आहे, आपला नाही. आपण त्या माणसाची लेकरं आहोत ज्यानं पुस्तकांसाठी घर बांधलं. म्हणून आधी विज्ञान नीट समजून घेऊ. अर्धवट समजलेलं विज्ञान हे अर्धवट समजलेल्या मंत्रासारखंच असतं, दुसऱ्यानं आपल्या डोक्यावर टाकलेलं.

ही वेल काम करते. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची म्हणून बंगालात आली आणि देशभर पसरली. पुण्या-मुंबईकडं तिला जलपर्णी म्हणतात, आपल्याकडं नाशिक-नगरला पाणवेल. 1970 च्या दशकात, इकडं पँथर रस्त्यावर उतरला होता त्याच दिवसांत, तिकडं अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या नासाच्या केंद्रात वूल्व्हर्टन नावाचा शास्त्रज्ञ हीच वेल कुंडांत वाढवून ती कॅडमियम, निकेल, शिसं, पारा किती ओढते ते मोजत होता. वेलीची मुळं पाण्यात लोंबतात, केसांच्या झुबक्यासारखी. त्या केसांवर धातूचे कण आधी चिकटतात, मग काही आत जातात. झाडाला हे विष बाधू नये म्हणून झाड स्वतःच्या पेशींत एक प्रकारची प्रथिनाची साखळी तयार करतं, तिनं धातूला जखडतं आणि पेशीतल्या एका पोकळीत कोंडून ठेवतं. ही साखळी 1985 साली जर्मन संशोधकांनी ओळखली. नुसती पाणवेलच नाही. पाण्यावर तरंगणारं इवलंसं डकवीड, गोंडाळ, पाणकणीस, वाळा, सगळ्यांत कमी-जास्त हा गुण आहे. चेर्नोबिलला 1986 साली अणुभट्टी फुटली, त्यानंतर 1990 च्या दशकात तिथल्या तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं लावून त्यांच्या मुळांनी किरणोत्सर्गी द्रव्यं ओढून घेतली. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं खडीच्या वाफ्यात झाडं लावून सांडपाणी शुद्ध करायची फायटोरिड नावाची पद्धत काढली. मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारात ती बसवली गेली.

हे सगळं खरं आहे. मग भांडण कशाचं?

भांडण एका वाक्याचं आहे. सरांच्या भाषणात ते वाक्य नव्हतं, बोर्डावर नव्हतं. ते वाक्य असं : धातू मरत नाही.

मैल्याचं सांडपाणी आणि धातूचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मैला, खरकटं, साबण हे जिवाणू खातात, फोडतात, त्याचं वायू आणि पाणी होतं. म्हणून सांडपाण्यासाठी झाडांचा वाफा ठीक चालतो. शिसं हे मूलद्रव्य. जिवाणू त्याला फोडू शकत नाही, सूर्य जाळू शकत नाही, गंगा धुऊ शकत नाही. शिसं पाण्यातून निघालं तर वेलीत गेलं. वेल कुजली तर चिखलात गेलं, पुन्हा पाण्यात आलं. वेल जाळली तर राखेत राहिलं. आणि पारा, कॅडमियम असेल तर धुरातून जाळणाऱ्याच्या छातीत गेलं. वेल पाणी शुद्ध करत नाही. ती पाण्यातली घाण स्वतःच्या अंगावर घेते. विष नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं.

ओळखीचं वाटतंय ना? या देशात शुद्ध असणं याचा अर्थच तो आहे. कोणीतरी दुसऱ्यानं आपली घाण अंगावर घेतली की आपण शुद्ध. गाव शुद्ध कशामुळं होतं? महारवाड्यामुळं. घर शुद्ध कशामुळं होतं? मागच्या दारानं येणाऱ्या बाईमुळं. आता नाला शुद्ध कशामुळं होतो? वेलीमुळं. आणि वेलीची घाण अंगावर घ्यायला पुन्हा आम्हीच.

हिशोब मांडू. हिशोब आपण शिकलं पाहिजे, कारण ते आपल्याला हिशोबातच फसवतात. पाणवेलीत शंभरातले पंच्याण्णव भाग पाणी. म्हणजे एक टन ओली वेल ओढली, तर वाळून उरते 50 किलो. समजा त्या वाळल्या वेलीत किलोमागं 1000 मिलिग्रॅम शिसं आहे. म्हणजे 50 किलोत 50 ग्रॅम. मुठीत मावेल एवढं. आता पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक बघा, आयएस 10500, 2012 सालचं. लिटरमागं शिसं 0.01 मिलिग्रॅमच्या वर नको. कॅडमियम 0.003, पारा 0.001, निकेल 0.02, एकूण क्रोमियम 0.05. तर ते मूठभर 50 ग्रॅम शिसं विरघळलं, तर किती पाणी मानकाच्या काठावर आणेल? 50 लाख लिटर. एका टनातलं. आम्ही अकरा दिवसांत किती टन ओढलं ते कोणी मोजलं नाही. ट्रॅक्टरच्या खेपा मोजल्या, कारण खेपांचे पैसे होते.

आणि त्या खेपा गेल्या कुठं? सांगतो. आमच्याच वस्तीच्या मागं. जिथं आमच्या आयाबाया सरपण गोळा करतात, पोरं क्रिकेट खेळतात, तिथं. ढीग पडला. वर उन्हात वाळला, खाली कुजला. ढिगातून काळं पाणी निथळलं आणि उतारानं कुठं गेलं? नाल्यात. ज्या नाल्यातून काढलं त्याच नाल्यात. शेळ्या त्या ढिगावर चढल्या, पानं खाल्ली. माझ्या आईनं वाळकी देठं चुलीला घातली, कारण गॅसची टाकी महाग आणि देठं फुकट. मी तिला अडवलं तेव्हा ती म्हणाली, "त्या सरांनी तर औषधी झाड म्हणून सांगितलं व्हतं ना?" तिला काय उत्तर देऊ? सरांनी पाण्याचं औषध सांगितलं होतं, आई. आपण पाणी नाही.

मी ठेकेदाराला विचारलं, ही वेल तपासली का? तो हसला. म्हणाला, "गवत तपासत्यात व्हय कुठं?" ठेकेदाराचं नाव लिहीत नाही. नाव बदलतं, ठेकेदार तोच असतो.

आता जग बघा, म्हणजे कळेल की हे आईच्या चुलीपुरतं नाही. जपानात तोयामा भागात जिंझू नावाची नदी आहे. वर कामिओकाची खाण. खाणीचं कॅडमियम नदीत, नदीचं पाणी भातखाचरात. भाताच्या रोपानं पाण्यातलं कॅडमियम इमानदारीनं ओढलं. आमच्या पाणवेलीसारखंच. वनस्पतीनं आपलं काम चोख केलं! आणि तो भात शेतकऱ्यांच्या बायांनी जन्मभर खाल्ला. त्यांची हाडं ठिसूळ झाली, नुसत्या खोकल्यानं मोडायला लागली. त्या ओरडायच्या, इताई, इताई. म्हणजे दुखतंय, दुखतंय. तेच त्या रोगाचं नाव पडलं. 1968 साली जपान सरकारनं मान्य केलं की हा रोग प्रदूषणाचा आहे. वनस्पतीनं विष ओढणं हे वरदान की शाप, हे वनस्पती ठरवत नाही. ओढून झाल्यावर तिचं काय करता, त्यावर ते ठरतं.

लांब कशाला, मुंबईजवळ या. 1982 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं देशाच्या पर्यावरणाचा पहिला नागरी अहवाल काढला. त्यात कल्याणजवळच्या काळू नदीची गोष्ट आहे. कारखान्यांचं पाणी नदीत, आंबिवलीच्या पाण्यात पारा आणि शिसं, आणि त्या काठावरचा पाला-गवत चरणारी गुरं. गुरामागं दूध येतं, दुधामागं पोर येतं. त्या गोष्टीला चाळीसावर वर्षं झाली. म्हणजे वनस्पतीतून विष वर चढतं हे या राज्याला ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये.

आता गोदावरीकडं या, कारण शिर्डी-राहात्याचं पाणी गोदावरीशी बांधलेलं आहे. नाशिक शहर, सातपूर-अंबडच्या एमआयडीसी, मग सायखेडा, चांदोरी, मग नांदूर मधमेश्वरचा बंधारा. तिथून गोदावरीचे डावा आणि उजवा कालवा निघतात आणि कोपरगाव-राहात्याची शेतं भिजवतात. नाशिकची घाण खाऊन पोसलेली पाणवेल याच वाटेनं तरंगत येते. सायखेडा-चांदोरीच्या पुलांना तिचे गालिचे अडकतात हे दरसालचं आहे. नांदूर मधमेश्वर तर 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ म्हणून जाहीर झालं. पक्षी बघायला लोक येतात. येऊ देत. पण पक्षी ज्या वेलीवर बसतो तिच्या मुळाला काय चिकटलंय, याचा आकडा दर महिन्याला चांदोरीच्या चावडीवर, राहात्याच्या बाजारात, शिर्डीच्या रस्त्यावर का लागत नाही? पाट्या लावायला या भागात लोखंड कमी पडलेलं नाही. दर दहा पावलांवर पार्किंगची पाटी आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशात 311 प्रदूषित नदीपट्टे, त्यातले 55 एकट्या महाराष्ट्रात. पहिला नंबर आपला! पुरोगामी महाराष्ट्राचा! पण त्यातली मेख बघा. हे पट्टे ठरवले बीओडीवरून. म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण किती, तिला प्राणवायू किती लागतो, यावरून. शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांच्यावरून ही यादी बनलेलीच नाही. जे मोजत नाही ते दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याच्यावर हिरवी वेल पसरली, की झालं सुशोभीकरण.

सगळ्यात मोठी लबाडी इथंच आहे. धातूचं पाणी नाल्यात यायच्या आधी अडवता येतं. भांड्यांना, नळांना, गाड्यांच्या बंपरला क्रोम-निकेल चढवणाऱ्या कारखान्याच्या टाकीतलं पाणी घ्या. त्यातलं जहाल सहासंयुजी क्रोमियम आधी आम्लात सौम्य क्रोमियममध्ये उतरवायचं, मग चुना घालून तळाशी बसवायचं. तो गाळ गोळा करून धोकादायक कचऱ्याच्या जागी पाठवायचा. हे तंत्र काल निघालेलं नाही, कॉलेजच्या पोराला येतं. पण त्याला रसायन लागतं, वीज लागते, गाळ उचलायचे पैसे लागतात. नाल्यात सोडायला काहीच लागत नाही. पाणवेल मुळात कामाची आहे ती पातळ घाणीसाठी, सगळे उपाय करून उरलेलं थोडकं शेवटी टिपून घ्यायला. टाकीतलं जहाल पाणी थेट तिच्यावर ओताल तर वेलच मरते. म्हणजे वेल हा शेवटचा पोछा आहे. आणि यांनी पोछ्यालाच धरण म्हणून उभं केलंय! वर विष सोडणं चालू, खाली वेल लावणं चालू, त्याच्या खाली आमचं ओढणं चालू. तिघांनाही काम मिळालं. फक्त पगार वेगवेगळा.

म्हणून मला शुद्धीकरण हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्याले. त्या ओंजळीनं तळं बाटलं म्हणून सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या 108 घागरी तळ्यात ओतल्या, मंत्र म्हटले, आणि तळं शुद्ध झालं म्हणून जाहीर केलं. माणसाच्या ओंजळीनं पाणी बाटतं. मग क्रोमियमनं का बाटत नाही? शिशानं का बाटत नाही? 2015 चा सिंहस्थ असो की 2027 चा, गोदावरी पवित्रच. तिच्यात कारखाना उतरला तर पवित्र, गटार उतरलं तर पवित्र. फक्त आम्ही उतरलो की बाटते. आणि सगळी घाण काढायला पुन्हा आम्हीच उतरायचं, तेव्हा मात्र बाटत नाही!

शिर्डीत सांगतात, बाबांना वाण्यांनी तेल दिलं नाही तेव्हा त्यांनी पाण्यानं दिवे पेटवले. ज्याची श्रद्धा त्यानं ठेवावी. माझा सवाल एवढाच, की ज्या गावानं पाण्याच्या दिव्याची गोष्ट जगभर नेली, त्या गावानं खालच्या वस्तीच्या पाण्याची गोष्ट कधी वर नेली का? शिर्डीची खासदारकी 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. छान. नाला तर त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्यासाठी राखीव आहे. त्या आरक्षणाविरुद्ध कोणी मोर्चा काढत नाही.

कायद्याचं बघा. हातानं मैला साफ करायला बंदी करणारा कायदा 2013 साली झाला. त्यात धोकादायक सफाईची व्याख्या आहे : गटार आणि सेप्टिक टाकी. धातूनं भरलेली वेल त्या व्याख्येत नाही. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना 2014 च्या निकालानं 10 लाख, आणि 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालानं 30 लाख द्यायचे ठरले. पण शिसं गटारातल्या वायूसारखं पाच मिनिटांत मारत नाही. ते हाडांत जाऊन बसतं. पोरांची बुद्धी खुंटवतं, मोठ्यांची मूत्रपिंडं खातं, रक्तदाब चढवतं, दहा-वीस वर्षं घेतं. अशा मरणाला पंचनामा नाही, म्हणून भरपाई नाही. आणि तिकडं पाणी नासवणाऱ्यांसाठी संसदेनं 2024 साली जलप्रदूषणाचा 1974 चा कायदा मऊ केला. जी राज्यं तो बदल स्वीकारतील तिथं बहुतेक गुन्ह्यांचा तुरुंग गेला, 10 हजार ते 15 लाख रुपये दंड आला. म्हणजे नदी मारा, दंड भरा, पावती घ्या.

सेप्टिक टाकीचं नाव घेतलं म्हणून सांगतो, कारण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. 1 जानेवारी 2013, सोनई. मेहतर समाजातल्या तीन पोरांना संडासाची टाकी साफ करायची आहे म्हणून बोलावून घेतलं आणि ठार केलं. प्रेम केलं एकानं, मेले तिघं. कामाला बोलावलं की आपण जातो, का कशाला विचारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुकादमाच्या हाकेत आणि त्या हाकेत फरक आहे, मला कळतं. पण हाक मारायची दिशा एकच आहे. आणि त्या दिशेला आपण निमूट जातो ही सवयही एकच आहे. ती सवय मोडण्यासाठी मी हे लिहितोय.

आता थोडं आपल्याच लोकांना. कडू लागेल. आपलेच काही भाऊ निळा पंचा गळ्यात टाकून पाणवेलीचे ठेके घेताहेत. म्हणतात, समाजाला रोजगार मिळतोय. माझ्या पणजालाही रोजगार होता, ढोराचं कातडं मिळायचं. आपल्याच काही ताया बचत गटातून पाणवेलीच्या पर्सा, टोपल्या, चटया विणताहेत. कला सुंदर आहे, बोटं आपली हुशार आहेत. पण ती वेल कुठल्या पाण्यातली? स्वच्छ तळ्यातली असेल तर खुशाल विणा. नाल्यातली असेल तर ओल्या वेलीत दिवसभर घातलेले ते हात संध्याकाळी भाकरी थापतात. कोणी म्हणतं, खत करा. करा की! पण 1985 च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला मर्यादा आहे : किलोमागं शिसं 100 मिलिग्रॅम, कॅडमियम 5. आपण वर जो हिशोब मांडला त्यातली वेल या मर्यादेच्या दहापट झाली. असं खत विकायला बंदी, आणि आमच्या वस्तीमागं फुकट ओतायला मोकळीक, हा कुठला न्याय?

तर मागण्या लिहितो. घोषणा पुष्कळ झाल्या, आता मुद्दे घ्या आणि आपापल्या नगरपालिकेच्या तोंडावर नेऊन आपटा.

एक : धातू जिथं जन्मतो तिथंच अडवा. कारखान्याच्या, गॅरेजच्या दारात. नाला ही त्यांची टाकी नाही.

दोन : नाल्यात, तळ्यात झाडं लावाल तर लावायच्या आधी आणि काढायच्या आधी पाणी, चिखल आणि वेल तिन्ही तपासा. मूळ वेगळं तपासा, पान वेगळं, कारण धातू मुळात जास्त साठतो. आकडे मराठीत, मोठ्या अक्षरात, खालच्या वस्तीच्या भिंतीवर लावा. नुसते वेबसाइटवर नकोत.

तीन : वेलीत धातू निघाला तर ते गवत नाही, धोकादायक कचरा आहे. 2016 चे नियम आहेत, रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथं असा कचरा घेणारी केंद्रं आहेत. ट्रॅक्टर तिकडं न्या. आमच्या वस्तीमागं नाही. चेर्नोबिलच्या तळ्यातली सूर्यफुलं कोणी शेळ्यांपुढं टाकली नाहीत.

चार : ओढायला यंत्र आणा. जिथं माणूसच लागेल तिथं लांब हातमोजे, छातीपर्यंतचा रबरी सूट, धुवायला स्वच्छ पाणी, कायम नोकरी, आणि दर वर्षी रक्तातल्या शिशाची तपासणी. आणि त्या नोकरीत सगळ्या जातींची पोरं घ्या. हिरवं काम इतकं पुण्याचं आहे, तर पुण्य एकट्या आम्हालाच का?

पाच : तपासल्याशिवाय ना खत, ना चारा, ना टोपली, ना सरपण.

यात क्रांती काय, असं कोणी विचारेल. चवदार तळ्यावर तरी काय मागितलं होतं? पाणीच. जे मिळतं ते पाणी नव्हे, जे सगळ्यांना मिळतं ते पाणी. आज आम्ही त्याच्याही पुढचं मागतोय. तुमचं विष आमच्या अंगावर टाकून तुम्ही शुद्ध व्हायचं नाही. विष तुमचं, तुम्हीच सांभाळा. तुमच्या आवारात, तुमच्या खर्चानं.

नाला पुन्हा हिरवा झालाय. जांभळी फुलं पुन्हा आलीत. थोड्या दिवसांत मुकादम येईल, त्याच्या पायांना वाट पाठ आहे. या वेळी वस्तीच्या तोंडाशी आम्ही वीस पोरं उभी राहणार आहोत. हात खिशात घालून. तो म्हणेल, चला, ओढायचीय. आम्ही म्हणू, आधी तपासणीचा कागद दाखव. मग यंत्र दाखव. मग ट्रॅक्टर कुठं जाणार ते लिहून दे.

तो म्हणेल, लय शिकलास.

हो. शिकलोय. ढोर ओढणं आज्यानं सोडलं. वेल ओढणं आम्ही सोडतोय.

जयभीम.